पहिल्या फेरीचा सामना

टेनिस या खेळाची आणि माझी ओळख सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातली. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये लिअँडर पेसने कांस्यपदक मिळवले, विंबल्डन हिरवळीवर होते, फ्रेंच स्पर्धा लाल मातीवर होते, एवढे मला तोंडपाठ होते. पण टेनिसची रॅकेट वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मी हातात घेतली नव्हती आणि हातात घेतलेला माणूसही पाहिला नव्हता. आमच्या आमगाव तालुक्यात कबड्डी आहे, खो-खो आहे, व्हॉलीबॉलचे जाळे तर दोन बांबूंना बांधलेले गावोगाव सापडेल. धान निघाले की शंकरपट भरतात. टेनिस म्हटले की आमच्याकडे टेनिस बॉलचे क्रिकेट. त्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याला जाऊन मी एक आंतरराष्ट्रीय व्यावसायिक टेनिस स्पर्धा दिवसभर बसून पाहिली, हे मित्रांना सांगितले तेव्हा त्यांना ती थाप वाटली. एकाने तर विचारले, "तुला आत कोणी सोडलं बे?"

प्रश्न रास्त होता. मला आत सोडले ते माझ्या दादाने. दादा म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा. तो पुण्यात एका मंडपवाल्या ठेकेदाराकडे कामाला आहे. लग्न असो, सभा असो, प्रदर्शन असो, खुर्च्या मांडायच्या, पडदे ताणायचे, पाट्या उभ्या करायच्या आणि कार्यक्रम संपला की सगळे उकलून ट्रकमध्ये भरायचे, हे त्याचे काम. मोठ्या आईला त्याच्यासाठी नव्या तांदळाची गोणी आणि लाखोळीची डाळ पाठवायची होती. मला चार दिवसांची सवड होती. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालो. ही गाडी आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला पुण्याला नेते खरी, पण वाटेतल्या प्रत्येक स्टेशनची विचारपूस करीत नेते.

दादाविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. माझे बाबा आणि मोठे बाबा दोघेही एकाच राईस मिलमध्ये हमाल. दादा बारावीला माझ्यापेक्षा अकरा टक्क्यांनी जास्त मार्क घेऊन पास झाला होता. त्याच उन्हाळ्यात मोठ्या बाबांची कंबर गेली. पोते उचलणाऱ्या माणसाची कंबर गेली म्हणजे घरात काय जाते ते हमालाच्या घरी जन्मल्याशिवाय समजत नाही. दादाने कॉलेजचा फॉर्म आणला होता. तो कोराच राहिला आणि दादा पुण्याला गेला. आमच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारा पहिला मुलगा म्हणून माझे नाव घेतात, बाबा मिलमध्ये पेढेही वाटून आले. पण माझ्या गोंदियातल्या खोलीचे भाडे महिन्याच्या पाच तारखेला पुण्याहून येते.

असो. ज्या आठवड्यात मी गेलो त्या आठवड्यात दादाचे काम बालेवाडीला होते. म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारले गेले. याच संकुलात २०१८ पासून महाराष्ट्र ओपन ही एटीपी दर्जाची स्पर्धा भरत होती. त्याआधी ती अनेक वर्षे चेन्नईला होती. पहिल्या वर्षी फ्रान्सचा जिल सिमाँ जिंकला, पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन. त्या २०१९ च्या अंतिम सामन्यात अँडरसनसमोर क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच होता, उंची सहा फूट अकरा इंच. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले. दादा तेव्हा नवा नवा पुण्याला आला होता. टेनिसमधले त्याला काहीच कळत नव्हते, पण "विजेच्या खांबाएवढा माणूस" त्याच्या अजून लक्षात आहे. २०२३ नंतर ती स्पर्धा पुण्यातून गेली. उरली ती महा ओपन चॅलेंजर, म्हणजे खालच्या पायरीची स्पर्धा. मी पाहिली ती ही.

दादाने मुकादमाकडून एक पास मिळवला आणि सकाळीच मला आत नेऊन बसवले. वर बसायच्या जागा बहुतेक रिकाम्या होत्या. मी एकदम शेवटच्या रांगेत जाऊ लागलो, तर तो म्हणाला, "तिकडं काऊन जाऊन राहिला? समोर बस. पास हाय तुह्याकडं." मी म्हटले, "तू पण बस ना दादा." तो हसला. "मी कामावर हाय, बाबू." आणि पायऱ्या उतरून निघून गेला. खाली कोर्टाच्या कडेला त्याच्यासारखेच तीन-चार जण एक फाटलेला पडदा बांधत होते. तिथून तो मला दिसत होता, मी त्याला दिसत होतो. शाळेत पहिल्या दिवशी पोहोचवायला आलेला माणूस कुंपणाबाहेर उभा राहावा तसे मला वाटले.

आता सामन्याविषयी. दोन खेळाडू आले. आपापल्या खांद्यावर आपापल्या पिशव्या, त्यांत पाच-सहा रॅकेटी. व्यावसायिक खेळाडू म्हणजे मागे-पुढे माणसे, हातात फुले, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर होते. इथे एकाबरोबर प्रशिक्षक असावा, कारण एक गृहस्थ कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. दुसऱ्याबरोबर कोणीच नव्हते. तो वयाने थोडा मोठा, गुडघ्याला पट्टी बांधलेला. त्याच्या देशाचे नाव मला नकाशात दाखवता येते, एवढेच सांगतो. दोघांची नावे मी पाटीवरून वहीत उतरवली आहेत, पण इथे देत नाही. त्यातला एक हरला, आणि आमच्या वार्षिकांकात त्याचे नाव पहिल्यांदा छापून यावे ते हरलेला म्हणून, हे मला बरे वाटत नाही.

सर्वांत आधी जाणवली ती शांतता. आमच्याकडे शंकरपटात जोडी सुटली की माणूस शेजारच्याच्या कानात ओरडतो. धुरकरी ओरडतो, मालक ओरडतो, पैज न लावलेलेही ओरडतात. आवाज हाच तिथला निम्मा खेळ. २०१४ साली न्यायालयाच्या निर्णयाने पट बंद झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळून पुन्हा सुरू झाले, तेव्हा लोक म्हणत होते की गावाला आवाज परत आला. आणि इथे उंच खुर्चीवर बसलेल्या पंचाने दोन शब्द उच्चारले की सगळे चिडीचूप. कोणाच्या तरी फोनची घंटी वाजली तर खेळाडूने हातातला चेंडू खाली टेकवून थांबावे आणि सगळ्यांनी मागे वळून पाहावे. चेंडू जमिनीवर आपटण्याचा आवाज, बुटांचा करकर आवाज, खेळाडूच्या तोंडून निघणारा हुंकार, सगळे स्वच्छ ऐकू येत होते. एवढी शांतता मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये अनुभवली आहे. फरक एवढाच की परीक्षेत आपण काय लिहिले हे कोणाला दिसत नाही. इथे प्रत्येक उत्तर लिहिल्याबरोबर मोठ्याने वाचून दाखवले जाते.

गुण मोजण्याची पद्धत बसल्या बसल्या कळत गेली. पंधरा, तीस, चाळीस. शून्याला 'लव्ह' म्हणतात. (आपल्या महाविद्यालयातील काही मित्रांनी याची नोंद घ्यावी.) पहिले सात गेम झाले की चेंडू बदलतात आणि मग दर नऊ गेमनंतर. चांगले दिसणारे चेंडू का बदलतात ते आधी कळले नाही. मग लक्षात आले की मार खाऊन खाऊन त्यांच्या अंगावरची लोकर फुलते आणि ते जड होतात. चेंडू उचलणारी मुले-मुली दहा-पंधरा वर्षांची, जाळ्यापाशी गुडघ्यावर बसलेली. गुण संपताच हरणासारखी धावत आणि चेंडू जमिनीवरून सरपटत एकमेकांकडे पाठवीत. एकदाही कोणाचा चेंडू चुकला नाही. टाळ्या मात्र त्यांना कोणी वाजवीत नव्हते.

पट्टीवाल्याने पहिला सेट गमावला. दुसऱ्यात तो मागून आला, टायब्रेक झाला आणि त्याने सेट घेतला. तेव्हा मी माझ्या नकळत त्याच्या बाजूचा झालो होतो. का ते सांगणे कठीण. तो एकटा होता म्हणून असेल. बाजू बदलताना दीड मिनिट बसायला मिळते. त्या वेळात समोरचा कोपऱ्यातल्या गृहस्थांकडे पाही, मान हलवी. हा आपला समोर जमिनीकडे बघत केळे खाई. ऊन चढले होते. तिसऱ्या सेटमध्ये त्याचा गुडघा बोलू लागला हे इतक्या दुरूनही दिसत होते. डावीकडच्या चेंडूला तो अर्धे पाऊल उशिरा पोहोचे. तरी चार-पाच असा तो टिकून होता. सर्व्हिस त्याची. चाळीस-चाळीस. मग एक गुण गेला. मग पहिली सर्व्हिस जाळ्यात, आणि दुसरी रेषेबाहेर हातभर. रेषेवरचा पंच ओरडला, आणि सामना संपला. म्हणजे शेवटचा फटका समोरच्याला मारावाच लागला नाही.

त्याने रॅकेट आपटली नाही. हात मिळवला, पंचाला हात मिळवला, रॅकेटी पिशवीत भरल्या, केळ्याची साल स्वतः उचलून डब्यात टाकली आणि गेला. मोजून दहा-बारा टाळ्या पडल्या.

या हरण्याचा हिशेब मला नंतर कळला, तो इथेच मांडतो. या दर्जाच्या चॅलेंजर स्पर्धेत विजेत्याला १०० गुण मिळतात, उपविजेत्याला ५०. उपांत्य फेरीत हरणाऱ्याला २५, उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला १४, आणि पहिली फेरी जिंकून दुसरीत हरणाऱ्याला ७. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला शून्य. तो अडीच तास झुंजला की पाऊण तासात आटोपला, त्याने काही फरक पडत नाही. या गुणांवरून जगातली क्रमवारी लागते. साधारण पहिल्या शंभरात नाव असले तर विंबल्डनसारख्या स्पर्धेत सरळ प्रवेश. त्याच्या खाली असले तर आधी पात्रता फेऱ्या, आणि त्याहून खाली असले तर त्याही नाहीत. शिवाय मिळालेले गुण बावन्न आठवडेच टिकतात, मग गळून पडतात. घरी हे बाबांना समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे हजेरीबुकावानी. जुनी हजेरी नव्या साली चालत नाही."

बाबांनी एका वाक्यात सांगितले ते मला बालेवाडीत दिवसभर दिसत होते. त्या फेब्रुवारीत भारतात ओळीने चार आठवडे अशा चार स्पर्धा होत्या: चेन्नई, दिल्ली, पुणे, बेंगळुरू. बहुतेक खेळाडू तेच. एका गावचे काम संपले की दुसऱ्या गावी. विमानाचे तिकीट आपले, प्रशिक्षक ठेवला तर त्याचा पगार आपला, रॅकेटच्या तारा तुटल्या तर त्या आपल्या. पहिल्या फेरीत हरले तरी थोडे पैसे मिळतात, पण ते एवढ्या सगळ्यात कुठे पुरणार? आपल्या भागातून रोवणी आटोपली की टोळ्याच्या टोळ्या हैदराबादकडे, नागपूरकडे कामाला जातात. त्यांची आणि या खेळाडूंची तुलना करणे कोणाला अतिशयोक्ती वाटेल. वाटो. दोघांच्या पिशव्या मी जवळून पाहिल्या आहेत.

दुपारी दादाची जेवणाची सुट्टी झाली. आम्ही सरावाच्या कोर्टांच्या बाजूला सावलीत डबा उघडला. तेवढ्यात बाजूच्या कोर्टावर कोणी एकटाच चेंडू मारतो आहे असे दिसले. तोच तो, गुडघ्याला पट्टी बांधलेला. सामना हरून तास-दीड तास झाला असेल. जवळ चेंडूंनी भरलेली टोपली. पलीकडे कोणी नाही. तो नुसती सर्व्हिस करीत होता, आणि तीही दुसरी सर्व्हिस. पहिलीसारखी जोरात नाही, वळण देऊन, रेषेच्या आत टाकायची. एक झाली की दुसरी. टोपली संपली की स्वतःच पलीकडे जाऊन चेंडू गोळा करी आणि परत येऊन पुन्हा सुरू.

दादाचा घास हातातच राहिला. "हा तं हारला ना मंगाशी?"

"हो."

"मंग आता कोनासाठी खेळून राहिला?"

मी काही बोललो नाही. आम्ही दोघे जेवण विसरून बघत राहिलो. सकाळी प्रेक्षागृहात मी एकटा बसलो होतो; इथे जमिनीवर मांडी घालून आम्ही दोघे होतो, आणि त्या खेळाचे तेवढेच दोन प्रेक्षक. एक चेंडू जाळीखालून निसटून आमच्याकडे घरंगळत आला. दादाने तो उचलला, हात धोतराला पुसावा तसा पॅन्टीला पुसला आणि जाळीवरून अलगद टाकला. तो मनुष्य "थँक्यू" म्हणाला. दादानेही "थँक्यू" म्हटले. मग आपण उलट "थँक्यू" का म्हटले म्हणून दादा संध्याकाळपर्यंत स्वतःशीच हसत होता.

रात्री त्याच्या खोलीवर मोठ्या आईने पाठवलेल्या तांदळाचा भात झाला. खोलीत पाच जण राहतात; दोघे आपल्याच जिल्ह्यातले, एक बालाघाटकडचा. सगळ्यांना मी टेनिस समजावून सांगितले. दादा ऐकत होता. भांडी घासताना त्याने विचारले, "पयल्याच फेरीत हारला तं त्याले का भेटते म्हणतोस?"

"गुण शून्य. पैसे थोडे."

"आन् पुढच्या हप्त्यात?"

"बेंगळुरूला पुन्हा पहिल्या फेरीपासून."

"मंग बरं हाय," दादा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "त्याले फॉर्म तं भराले भेटते."

एवढेच. नंतर तो दुसऱ्या गोष्टींवर बोलू लागला. मला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही. माझ्या मनात येत होते की पहिल्या फेरीत मी उभा आहे ते कोणाच्या तरी जागेवर. हे मी त्याला कधी बोललो नाही, आणि त्याच्यासमोर बोलवणारही नाही. हा अंक त्याच्याकडे पोहोचेल तेव्हा वाचील.

मी परत आलो. पुढच्या निकालांवर वर्तमानपत्रातून लक्ष ठेवू लागलो. आमच्या वाचनालयात टेनिसच्या बातमीवर नजर टाकणारा मी एकटाच असेन. पुण्याची स्पर्धा चेक प्रजासत्ताकाच्या दालिबोर स्व्हर्चिनाने जिंकली. अंतिम सामन्यात हरला अमेरिकेचा ब्रँडन होल्ट. आणि हाच होल्ट पुढच्या आठवड्यात बेंगळुरूला जिंकला! सात दिवसांत उपविजेत्याचा विजेता. त्याहून नवल पुढे कळले. होल्टची आई ट्रेसी ऑस्टिन. तिने १९७९ साली, सोळाव्या वर्षी, अमेरिकन ओपन जिंकली होती आणि १९८१ साली पुन्हा जिंकली. म्हणजे घरात एवढे टेनिस असून मुलगा सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास पुणे-बेंगळुरू करीत होता. आईच्या नावावरचा एकही गुण मुलाच्या नावावर चढत नाही. मी हे बाबांना मुद्दाम सांगितले. मार्गदर्शन करायला घरात कोणी शिकलेले नाही याची त्यांना फार खंत असते. त्यांना ते पटले असे नाही. "पर घरात रॅकेट तं असंल," ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते खरे आहे.

शेवटची बातमी ऑक्टोबर २०२५ ची. शांघायच्या मोठ्या स्पर्धेत मोनॅको या चिमुकल्या देशाचा व्हॅलेंटिन व्हाशेरो पात्रता फेरीतून वर आला. क्रमवारीत तो २०४ वा होता. उपांत्य सामन्यात त्याने जोकोविचला हरवले आणि अंतिम सामन्यात आर्थर रिंडरक्नेशला. त्या दर्जाची स्पर्धा इतक्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूने पूर्वी कधीच जिंकली नव्हती. रिंडरक्नेश हा त्याचा नात्याने भाऊच, आमच्या दादासारखा, एका आजी-आजोबांच्या घरातला. आणि हाच व्हाशेरो फेब्रुवारी २०२४ मध्ये बालेवाडीला महा ओपन जिंकून गेला होता.

मी लगेच दादाला फोन लावला. तो कुठल्या तरी लग्नाच्या मंडपात होता, मागे बँड चालू होता, त्यामुळे मला ओरडून सांगावे लागले. त्याने सगळे ऐकून घेतले.

"चोवीस सालचा ना?" तो म्हणाला. "त्या साली बक्षीस वाटाचा तो चौथरा आमीच लावला होता. एक पाय हालत होता त्याचा, मी खाली लाकडाची चीप ठोकली होती."

मग म्हणाला, "तुह्या सेमिस्टरचे पेपर कवा हायत?"

मी तारीख सांगितली. त्याने ती दोनदा म्हणून घेतली आणि मुकादम बोलावतो आहे म्हणून फोन ठेवला.